सोलापूरहून बोट घ्यायला: दोन फेऱ्या, चिखल आणि जागेची भानगड

सोलापुरात बोट घेतोय म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठं चालवणार बे, कंबर तलावात? आम्हीपण आधी जवळचंच बघितलं, म्हणजे उजनी धरण. पण उजनी भरली की ११७ टीएमसी आणि उन्हाळ्यात पाणी मायनसमध्ये (मृतसाठ्याच्याही खाली), म्हणजे दिवाळीला जिथं बोट बांधाल तिथं मे महिन्यात भेगाळलेली जमीन असते, पाणी पार लांब गेलेलं. साधी मच्छीमारी होडी ढकलत नेता येते, केबिनवाली दोन टनाची बोट कोण ढकलणार. म्हणून मग समुद्र. मी, दाजी आणि माझा शाळेतला मित्र, ज्याचं एमआयडीसीत डिझेल इंजिनचं वर्कशॉप आहे, त्याला सगळे मिस्त्रीच म्हणतात.

वडील घरातून निघतानाच म्हणाले होते, म्हैस आणायच्या आधी गोठा बघ. आम्ही उलटं केलं, ते पुढं येईलच.

पहिली फेरी नोव्हेंबरात. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सोबत कडक भाकरी अन् शेंगाचटणी, सकाळी सीएसएमटीला उतरून टॅक्सीनं भाऊचा धक्का, तिथून रो-रोनं मांडवा. कार घेऊन जाणार असाल तर तीपण रो-रोत चढते, नाहीतर गेटवेहून लाँच आहेत, पण त्या पावसाळ्यात बंद असतात.

बोट चोवीस फुटी, फोटोत एकदम चकाचक, पाण्यातच मुरिंगला, म्हणजे तळाला साखळीनं धरलेल्या बोयाला, बांधून उभी. मालकानं चावी फिरवली, इंजिन एका झटक्यात चालू, दाजी खूश. मिस्त्रीनं मात्र चावी फिरवायच्या आधीच इंजिनच्या ब्लॉकवर हात ठेवला होता, अन् तो गरम होता. म्हणजे आम्ही यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलेलं. थंड इंजिन कसं चालू होतं, किती वेळ खोकतं, धूर कसला काढतं, हेच तर बघायचं असतं. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा लोड जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जातंय का बघा. मग बंद करून डिपस्टिक काढली तर ऑइल दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. मिस्त्री काही बोलला नाही, फडक्याला पुसली, परत घातली आणि मला म्हणाला, चल बे, जेवून घेऊ. ऑइलमध्ये पाणी म्हणजे इंजिन उघडायचं, अन् समुद्रातल्या इंजिनचे पार्ट आपल्या ट्रॅक्टरसारखे कोपऱ्यावर मिळत नाहीत. तर पहिला सल्ला हाच, मालकाला फोनवर सांगून ठेवा की आम्ही आल्याशिवाय चालू करू नका, आणि गेल्या गेल्या हात लावून बघा.

दुसरी फेरी सोलापूरची गड्डा यात्रा आटोपल्यावर, जानेवारीच्या शेवटी. ही बोट तेवीस फुटी, फायबरची, आत दोघं आडवे होतील एवढी केबिन, एकच डिझेल इंजिन, एका खाडीत बांधलेली. सकाळी दहाला पोचलो अन् बघतो तर खाडीत पाणीच नाही, बोट चिखलात एका अंगावर कलंडलेली. आम्ही दुष्काळी भागातली माणसं, पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं हे पुस्तकात वाचलेलं, तिकीट काढताना डोक्यात आलंच नाही. तिथला नाखवा हसला, म्हणाला आज तिथी काय? त्या दिवशी संकष्टी, दाजींचा उपास होता म्हणून पाठच होतं. चतुर्थी म्हणजे चार, चारची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती, अन् साधारण सहा तास आधी, म्हणजे नऊला, पूर्ण ओहोटी. इतकं सोपं. अष्टमीला सहा, पुनवेला-अमावस्येला सव्वाअकरा, दशमीला साडेसात. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो म्हणाला, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायची, पण अंदाजाला भारी. दाते पंचांग निघतं आमच्या सोलापुरातून अन् त्याचा हा उपयोग आम्हाला खाडीच्या चिखलात उभं राहून कळला.

पण चिखल पथ्यावर पडला खरं. क्रेननं बोट उचलून दाखवा म्हटलं तर पैसे लागतात, इथं फुकटात पोट दिसत होतं. पँटी गुडघ्यापर्यंत वर घेऊन मिस्त्री आणि मी खाली उतरलो. माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं पूर्ण हल (बोटीचं बाहेरचं अंग) वाजवत गेलो, टण टण टण, अन् उजव्या बाजूला केबिनच्या खिडकीखाली तळहाताएवढ्या जागेत बद्द. तिथं फायबरचे थर सुटलेले. मागची इंजिनकडची बाजू नीट वाजवा, तिथं आत प्लायवूड असतं आणि ते कुजलं तर खर्च मोठा, आमचं टणक निघालं. खालच्या पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) जस्ताच्या वड्या असतात, खारं पाणी आधी त्या खातं म्हणून बाकीचा धातू वाचतो. त्या अर्ध्या झिजलेल्या असल्या तर चांगलं लक्षण. पूर्ण संपलेल्या असतील तर मग पंखा-शाफ्ट खाल्लं गेलंय का बघा, आणि वर्षभर पाण्यात राहून नव्यासारख्या असतील किंवा त्यावर कुणी रंग मारला असेल तर त्या काम करत नाहीत असं समजा.

एकच्या सुमारास बोट हळूच सरळ झाली आणि तरंगली. हे बघायला मजा आली राव, आवाज नाही काही नाही, नुसती उठून बसल्यासारखी. मग ट्रायल. फुल रेसवर वीस मिनिटं पळवली, टेंपरेचरचा काटा कुठं थांबतो ते बघितलं, मागं धुरासोबत पाणी फेकतंय ना ते बघितलं (ते थांबलं तर लगेच बंद करायचं, बहुतेक वेळा पंपातला रबरी इंपेलर गेलेला असतो), रिव्हर्स टाकून बघितलं, आल्यावर तळाचं झाकण उघडून किती पाणी साठलं ते बघितलं. दुपारी वारा सुटला अन् दाजी उपाशीपोटी, त्यांचं काय झालं ते लिहीत नाही. गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, आणि केबिनमध्ये बसू नका, बाहेर लांब बघत बसा.

लाइफ जॅकेट मात्र पहिल्या मिनिटापासून सगळ्यांनी घातलेली, त्यात मस्करी नाही. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वाऱ्यानं उलटून सहा माणसं गेली, ती बातमी आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर मोबाइलमध्ये ठेवा, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.

साडेनऊ लाख सांगत होते, ती बद्द जागा अन् जुनी बॅटरी दाखवून सात लाख चाळीस हजाराला ठरलं. पन्नास हजार आगाऊ दिले. अन् इथं गोठ्याची गोष्ट. मालक म्हणाला होता बोट बांधायची जागा बोटीबरोबरच आहे, टेन्शन घेऊ नका. जागेवाल्याला भेटलो तर तो म्हणतो जागा जुन्या मालकाच्या नावावर आहे, बोट विकली की करार संपला, वेटिंगमध्ये नाव लिहा. म्हणजे बोट आमची आणि पंधरा दिवसांत हलवायची. बाजारात तुरी राहिल्या बाजूला, इथं तुरी घरात येऊन पडल्या अन् ठेवायला कणगी नाही.

दोन दिवस तिघं फिरलो. एका ठिकाणी सरळ फुल्ल. दुसरीकडं जेट्टीला लागून छान जागा, पण भरतीच्या आगेमागे दोन-दोन तासच बोट निघणार, सोलापूरहून येऊन पाण्याची वाट बघत बसायचं हे एकदा झालं तेवढं बास. शेवटी मुरिंग मिळालं. म्हणजे तळाला काँक्रीटचा ब्लॉक, त्याला साखळी, वर तरंगता बोया, बोट त्याला बांधायची आणि आपण छोट्या होडीतून ये-जा करायची. मुंबईत गेटवेसमोर बोटी दिसतात त्या बहुतेक अशाच. विचारायचं काय तर साखळी कधी बदलली आणि पाणबुड्यानं शेवटचं कधी तपासलं, आम्ही मोबाइलवर व्हिडिओच मागितला. साखळी तुटून बोट दुसऱ्यावर आदळली तर भरपाई कुणी द्यायची, ते करारात लिहून घ्या. आणि एक खलाशी ठरवा जो आठवड्यातून एकदा इंजिन चालू करेल अन् तळातलं पाणी बघेल, चारशे किलोमीटरवरून आपण काही बघू शकत नाही. त्याला महिना द्या आणि दर वेळी फोटो मागा.

कागदांचं थोडक्यात. आमच्या बोटीचं रजिस्ट्रेशन मेरिटाइम बोर्डाकडचं, इंजिन नंबर कागदावरचा अन् लोखंडावरचा टॉर्च लावून जुळवला, जुन्या जागेची बाकी नाही असं लेखी घेतलं, बँकेचा बोजा नाही ते बघितलं, इन्शुरन्स नावावर झाल्याशिवाय बोट हलवली नाही.

पावसाळ्याचं आत्ताच ठरवा. १ जूनपासून मच्छीमारी बंद होते आणि मेअखेर सगळ्यांनाच बोट वर काढायची असते, क्रेनला रांग. आम्ही फेब्रुवारीतच यार्डात २० मेची तारीख आणि चार महिन्यांची जागा धरली. पाण्यात परत नारळी पौर्णिमेनंतर, तेही हवा बघून. क्रेन, यार्ड, मुरिंग, खलाशी, तळाचा रंग, इन्शुरन्स धरून आमचा वर्षाचा हिशोब किमतीच्या पाचव्या हिश्श्याला टेकतोय, हा आकडा दाजींनी अजून ताईला सांगितलेला नाही.

केबिनमधल्या गाद्यांना मात्र सोलापुरी चादरीचे अभ्रे शिवून नेले. मिस्त्रीनं दोन्ही फेऱ्यांचे पैसे घेतले नाहीत, म्हणतो इंपेलर बदलायला मीच येणार, फक्त तिथी बघून तिकीट काढ.