खडपातली गोगलगाय रॉकॉलला पोचली कशी?

मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहते आणि सुट्टीच्या दिवशी ओहोटी बघून खडपांत वाकून गोगलगायी शोधत बसते, ही बातमी देवगडात केव्हाच फिरली आहे. त्यामुळे घरी गेले की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "काय गो, त्या बर्फासारख्या पाण्यात त्या जगतात कशा? आणि दगड सोडून हलत नाहीत, तर समुद्रातल्या बेटांवर पोचल्या कशा?" गेल्या खेपेला तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

थंडीचं थोडक्यात सांगते. तिकडच्या किनाऱ्यावरच्या साध्या पेरीविंकल नावाच्या गोगलगायीच्या अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी गोठलं तरी ती मरत नाही. बर्फ वितळला की पुन्हा शेवाळ खरवडायला लागते. मला तर डिसेंबरात दोन हातमोजे लागतात.

पोचण्याची गोष्ट मात्र रंगतदार आहे. आमच्या खडपांत दोन बहिणी शेजारी राहतात. साधी पेरीविंकल अंडी समुद्रात सोडून देते. त्यातून निघालेली पिल्लं चार ते सात आठवडे लाटांवर तरंगत राहतात. दुसरी खडबडीत पेरीविंकल, जेमतेम नखाएवढी, भरतीरेषेजवळच्या भेगांमध्ये राहणारी. ती पिल्लं पोटातल्या पिशवीतच वाढवते आणि शंखासकट बाहेर सोडते. पिल्लू जन्मतं ते आईच्या पायाशीच. आता सांगा, लांबचं बेट कोण गाठेल? मीही पहिलीचंच नाव घेतलं होतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, सेंट किल्डा बेटांच्याही पलीकडे सुमारे ३०० किलोमीटरवर, रॉकॉल नावाचा एक खडक भर अटलांटिकमध्ये उभा आहे. उंची जेमतेम १७ मीटर. त्याच्यावर खडबडीत पेरीविंकल आहे, साधी नाही! शेश्टिन योहानेसन या स्वीडिश संशोधक बाईंनी १९८८ मध्ये हे कोडं मांडलं आणि सोडवलंही. तरंगणारी पिल्लं अफाट पाण्यात विखुरतात. त्यातलं एखादं खडकाला लागलंच तर त्याला जोडीदार कुठून मिळणार? मिळाला, तरी त्यांची पिल्लं पुन्हा वाहून जाणार. उलट शेवाळाच्या गुंत्याला किंवा ओंडक्याला चिकटून एकच गाभण मादी आली, तरी वस्ती सुरू होते, कारण तिची सगळी पोरं तिथेच उतरतात.

पण म्हणून तरंगणारीला कमी लेखू नका. सलग किनारा मिळाला की तिचा हात कुणी धरू शकत नाही. १८४० च्या सुमारास ती कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या पिक्टूला दिसली, आणि शतक संपेपर्यंत दक्षिणेला न्यू जर्सीपर्यंत पसरली. युरोपातून ती जहाजात भरलेल्या दगडांबरोबर गेली की कुणी खायला नेली, यावर वाद आहेत.

त्याहून जुना प्रवास काही दशलक्ष वर्षांपूर्वीचा. अलास्का आणि सायबेरियामधली बेरिंगची सामुद्रधुनी उघडली आणि पॅसिफिकचे शंख-शिंपले आर्क्टिकमार्गे अटलांटिकमध्ये उतरले. माझ्या दोन्ही पेरीविंकलचे पूर्वजही त्यातलेच. गेराट व्हर्मे या शंखांच्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये हिशेब मांडला. या अदलाबदलीत सामील झालेल्या किंवा तिच्यातून उपजलेल्या मृदुकाय प्राण्यांच्या २९५ जातींपैकी २६१ पॅसिफिककडच्या, फक्त ३४ अटलांटिककडच्या. वाहतूक जवळजवळ एकाच बाजूने! व्हर्मे तीन वर्षांचे असल्यापासून अंध आहेत, शंख बोटांनी वाचतात. हे कळल्यापासून मीही कधीकधी डोळे मिटून बघते. मला मात्र सगळे सारखेच लागतात.

या खेपेला काकूंना फोनवर फोटो दाखवला. भिंगाखाली उघडलेली मादी, आणि तिच्या पिशवीत वाळूच्या कणाएवढी पिल्लं, प्रत्येकाला शंखाचं वेटोळं आलेलं. त्यांनी फोन लांब धरून बघितला आणि विचारलं, "खातत काय गो?"

साधी खातात. मिठाच्या पाण्यात उकडायची आणि टाचणीने ओढून काढायची. खडबडीतच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. पोटातल्या पिल्लांचे शंख दाताखाली रेतीसारखे कचकचतात.