स्लाइडसाठी जुने कॅमेरे: शटर मोजणीपासून कासच्या सड्यापर्यंत, तिसऱ्या रोलअखेरची नोंद

कॅमेरे दोन: पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आणि ऑलिंपस ओएम-वन. फिल्म एक्टाक्रोम ई१००, काही फ्रेम प्रोव्हिया १००एफवर; दोन्ही स्लाइड फिल्म, म्हणजे धुतल्यावर थेट सुलटं रंगीत चित्र देणाऱ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात कासच्या सड्यावर फुलं टिपायची आहेत. निगेटिव्हमध्ये एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त पडला तरी स्कॅनमध्ये सांभाळून घेता येतं. स्लाइडमध्ये अर्धा स्टॉप जास्त झाला की पांढरी पाकळी कोरी होते, आणि कॅमेऱ्यात जी फिल्म गेली तीच शेवटी लाइटबॉक्सवर येते. म्हणून पहिला रोल भरण्याआधीचं काम सगळ्यात मोठं.

शटर

कापडी पडद्याच्या शटरला पन्नास वर्षं झाली की त्यातलं तेल सुकतं आणि वेग मंदावतो. आवाजावरून वेग सांगणारी मोबाइल ॲप १/१२५ सेकंदाच्या पुढे भरवशाची नाहीत. फोटोडायोड (प्रकाश पडला की विद्युत संकेत देणारा छोटा भाग) ३.५ मिमीच्या माइक पिनला जोडून लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण केलं, मागचं दार उघडं ठेवून लेन्सच्या बाजूने टॉर्च धरला. डायोडवर काळी टेप लावून १ मिमीचं भोक ठेवायचं, नाहीतर पडद्याची फट डायोडच्या रुंदीवरून सरकायला लागणारा वेळही मोजणीत येतो आणि वरचे वेग आहेत त्यापेक्षा मंद दिसतात. प्रत्येक वेगाला दहा वाचनं घेतली.

एका बॉडीची (कॅमेऱ्याची) फ्रेमच्या मधोमध आलेली सरासरी अशी: १/१२५ ला ८ ऐवजी ८.२ मिलिसेकंद, १/२५० ला ४ ऐवजी ४.३, १/५०० ला २ ऐवजी २.४, १/१००० ला १ ऐवजी १.४. म्हणजे १/१२५ आणि १/२५० निर्धास्त वापरावेत, १/५०० ला पाव स्टॉप जास्त प्रकाश, १/१००० ला अर्धा. हा तक्ता चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या तळाला लावला आहे. मोजणीआधी शटर चाळीस-पन्नास वेळा रिकामं चालवून घ्यावं. पहिली काही वाचनं नेहमीच मंद येतात.

मधलं वाचन पुरेसं नाही, डावी-उजवी बाजूही मोजावी. १/१००० ला एका कडेला १.१ आणि दुसऱ्या कडेला १.५ आलं. हा फरक जवळजवळ अर्ध्या स्टॉपचा, आणि एकसारख्या आकाशात तो उघड दिसतो: एक कड गडद, एक फिकी. दोन पडद्यांचा ताण जुळत नसला की असं होतं. घरी स्प्रिंगला हात लावू नये. एक घट्ट केली की दुसरीचं गणित बिघडतं. तूर्त १/१००० बाद.

मीटर आणि सेल

दोन्ही कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पारा सेलसाठी बनलेले, आणि ते सेल आता मिळत नाहीत. स्पॉटमॅटिकचं मीटर ब्रिज सर्किटचं असल्याने व्होल्टेज थोडं बदललं तरी वाचन फारसं हलत नाही. सिल्व्हर ऑक्साइड सेल रबरी रिंग घालून बसवला की काम भागतं. ओएम-वनला ती सोय नाही. १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की काटा जास्त प्रकाश दाखवतो आणि स्लाइड काळपट येतात. शिवाय सेल उतरत जाईल तशी चूकही बदलते. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल औषधाच्या दुकानात मिळतो, त्याचं व्होल्टेज मुळाच्या जवळ आहे. स्टिकर काढल्यावर तो काही आठवड्यांतच संपतो, त्यामुळे सहलीच्या आदल्या दिवशी नवा. कायमची सोय हवी असेल तर डायोड बसवलेला ॲडॉप्टर आणि सिल्व्हर ऑक्साइड सेल.

लेन्स

सात काचांच्या ५० मिमी एफ/१.४ टाकुमार या पेंटॅक्सच्या लेन्समध्ये थोरियमची काच आहे आणि ती वर्षांगणिक पिवळी पडते. लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवून आरपार पाहिलं की चहाच्या पाण्यासारखी छटा कळते. स्लाइडमध्ये ती तशीच उतरते. यूव्ही एलईडीखाली काही दिवस ठेवल्यावर ती बरीच उतरते. उन्हात ठेवलं तर वेळ जास्त लागतो, आणि लेन्स तापून ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर येण्याची भीती. पावसाळ्यात बुरशीसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, याला पर्याय नाही.

पहिला रोल

चार फ्रेमची एक चाचणी सगळ्यांनी करावी. निरभ्र दुपारी ग्रे कार्ड (मध्यम राखाडी छटेचा पुठ्ठा), लेन्सचा खटका मॅन्युअलवर (म्हणजे पात्यांच्या आळसाचा दोष शटरच्या माथी येत नाही), आणि वेग व छिद्र (एफ) यांच्या जोड्या: १/१२५ एफ/१६, १/२५० एफ/११, १/५०० एफ/८, १/१००० एफ/५.६. चारही स्लाइड सारख्या यायला हव्यात. इथे शेवटची डोळ्यांना दिसेल इतकी फिकी आली. डायोडची मोजणी बरोबर होती.

दुसरा आणि तिसरा रोल

सड्यावरचा ओला जांभा गडद. मीटर त्याला मध्यम राखाडी समजतं आणि जास्त प्रकाश द्यायला सांगतं; खडकाचा पोत छान येतो, वरची फुलं जळतात. वाचन तळहातावरून घेऊन एक स्टॉप उघडावं, किंवा सरळ इन्सिडंट मीटर (वस्तूवर पडणारा प्रकाश मोजणारं) वापरावं. पोत हवा असलेला सगळ्यात उजळ भाग मध्यम छटेपेक्षा दोन स्टॉपच्या वर जाऊ देऊ नये, सावली काळी पडली तर पडू द्यावी. ढगाळ दिवशी निळसर झाक येते, त्यासाठी ८१ए हा उबदार छटेचा फिल्टर. तो एक तृतीयांश स्टॉप खातो.

जवळून काढायला ५० मिमी लेन्सला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी) लावली की फूल फिल्मवर निम्म्या आकाराचं येतं आणि प्रकाश एक स्टॉपपेक्षा थोडा जास्तच घटतो. कॅमेऱ्यातलं मीटर ते धरतं, हातातलं धरत नाही. दुसऱ्या रोलमधल्या पाच काळ्या फ्रेम याच्याच.

काही निळी फुलं स्लाइडमध्ये गुलाबीकडे झुकतात. त्या पाकळ्या गडद लाल टोकाचा प्रकाश भरपूर परावर्तित करतात. डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, पण फिल्मचा लाल थर टिपतो. कॅमेऱ्याचा किंवा धुलाईचा दोष नाही, आणि फिल्टरने नीट सुटत नाही.

घरची ई-६ धुलाई

ई-६ म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याची पद्धत. तीन द्रावणांचा संच, ३८ अंश. पहिल्या डेव्हलपरमध्ये अर्ध्या अंशाचाही फरक दिसतो, म्हणून टाकी आणि बाटल्या दोन्ही गरम पाण्याच्या बादलीत आधी ठेवून मगच सुरुवात. निगेटिव्हच्या सवयीने इथे गोंधळ होतो: पहिला डेव्हलपर कमी पडला तर स्लाइड गडद, जास्त झाला तर फिकी. ओली फिल्म दुधाळ दिसते, वाळेपर्यंत निकाल देऊ नये. वाळल्यावरही मळकट वाटली तर चांदी शिल्लक असू शकते. ताज्या ब्लिक्समध्ये (चांदी काढणारं द्रावण) पुन्हा घातली की सुटते. तिसऱ्या रोलचे शेवटचे तीन तुकडे असेच सुटले.

चौथ्या रोलमध्ये करायचं ते: सगळं आकाश १/१२५ आणि १/२५० वरच, आणि प्रत्येक निळ्या फुलाची एक फ्रेम प्रोव्हियावर, त्याच मिनिटाला, दुसऱ्या बॉडीतून.