रिडो कालवा, तिसरा उन्हाळा: यंदा स्टिअरिंग माझ्याकडे

कॅनडातल्या रिडो कालव्यावर गेले दोन उन्हाळे आमच्या बोटीवर कामं वाटलेली होती. नवरा स्टिअरिंगवर, मी पुढच्या दोरावर. मागच्या वर्षी बिग रिडो तलावाच्या मधोमध त्याच्या पाठीत उसण भरली आणि बोट धक्क्याला लावायची वेळ माझ्यावर आली. जे काम तो पाच मिनिटांत करतो, त्याला मला पाऊण तास लागला. शेवटी धक्क्यावरच्या दोन अनोळखी माणसांनी दोर झेलून बोट ओढून घेतली. त्याच रात्री ठरवलं की पुढच्या मोसमात अदलाबदल करायची. लॉक (दोन्ही टोकांना दरवाजे असलेला कप्पा, पाणी भरून किंवा सोडून त्यात बोट चढवतात-उतरवतात) असो, तलाव असो, स्टिअरिंग मीच धरायचं. यंदाच्या जुलैमधल्या नऊ दिवसांची ही नोंद त्या अदलाबदलीची आहे.

बोट तीच, २४ फुटी. पेट्रोलचं एक इंजिन, स्टर्न ड्राइव्ह (बोट ढकलणारा पंखा मागे, स्टिअरिंगबरोबर वळणारा), बो थ्रस्टर (बोटीचं पुढचं टोक बाजूला ढकलणारा छोटा पंखा) नाही. मार्ग स्मिथ्स फॉल्सहून किंग्स्टन मिल्सपर्यंत आणि परत. ३१ नंबरच्या लॉकपासून ४९पर्यंत जायचं, मधले ३३ आणि ३४ पर्थकडे जाणाऱ्या टे कालव्यावर आहेत, ते सोडायचे. म्हणजे जाताना सतरा लॉक आणि येताना तेच सतरा.

जे या बाजूला आले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. रिडो कालवा कॅनडात ओटावा ते किंग्स्टन असा २०२ किलोमीटरचा आहे, १८३२ साली सुरू झालेला. अमेरिकेशी १८१२चं युद्ध झाल्यावर ब्रिटिशांना धास्ती होती की सेंट लॉरेन्स नदीवरची रसद सीमेपलीकडून कधीही तोडली जाईल, म्हणून आतून हा दुसरा रस्ता काढला. काम लेफ्टनंट कर्नल जॉन बाय यांच्या हाताखाली १८२६ साली सुरू झालं. गंमत अशी की खोदलेला कालवा त्यात फार थोडा आहे. बाय यांनी धरणं बांधून नद्या आणि तलावच फुगवले आणि एकमेकांना जोडले. त्यामुळे आपण अर्ध्या तासात अरुंद दगडी लॉकमधून थेट मोकळ्या तलावात येतो, आणि बोट चालवायला शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. ओटावाकडून पाणी ८३ मीटर चढतं, अप्पर रिडो तलाव हा माथा, आणि तिथून किंग्स्टनकडे ५० मीटर उतरतं. आमच्या वाट्याला जाताना तीन लॉक चढाचे आणि चौदा उताराचे.

दिवस १ आणि २

स्मिथ्स फॉल्सचं वरचं लॉक आणि मग पूनामाली. हे नाव मद्रासजवळच्या पूनमल्लीवरून आलेलं आहे, आणि इतक्या दूर, देवदाराच्या रांगेत ती पाटी दिसली की मला दर वेळी बरं वाटतं. दोन्ही लॉक वारा नसताना मिळाले. निळ्या रेघेपाशी बोट बांधून थांबायचं (ती रेघ म्हणजे ‘आम्हाला लॉकमधून जायचंय’ असं सांगणं), हिरवा दिवा लागला की सावकाश आत. मी दोन्ही वेळा नीट आत गेले. त्यामुळे डोक्यात जरा हवा गेली असावी, कारण तिसऱ्या दिवशी चांगलाच धडा मिळाला.

लोअर रिडो तलावात पाणवनस्पती भरपूर. वेग कमी झाला, इंजिनाचा आवाज जड झाला तर थांबा, न्यूट्रल करा, मग दोन क्षण रिव्हर्स मारा. पंख्यात गुंडाळलेला गवताचा पुंजका बहुतेक वेळा सुटतो.

दिवस ३: नॅरोज

बिग रिडो तलावावर सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा होता. नॅरोजचं लॉक तलावाच्या अगदी तोंडाशी आहे, उंचीचा फरक जेमतेम तीनेक फूट. बाय यांनी न्यूबरोच्या कठीण खडकात खोदाई कमी करावी लागावी म्हणून इथे धरण घातलं आणि एका रिडो तलावाचे दोन केले, वरचा आणि मोठा. लॉकशेजारी लाकडी ब्लॉकहाउस, म्हणजे पहाऱ्याची छोटी गढी, आहे. या मार्गावरच्या चार ब्लॉकहाउसपैकी हे एक.

तर लॉकचे दरवाजे उघडले, दिवा हिरवा झाला, मी निघाले. वारा उजव्या अंगाला. आत शिरताना वेग जास्त वाटला म्हणून मी सरळ न्यूट्रलमध्ये टाकलं आणि स्टिअरिंग फिरवत राहिले. बोट ऐकेना. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे सरकत गेली आणि भिंतीच्या टोकाच्या दगडावर फेंडर (बोटीच्या बाजूला टांगलेली रबरी उशी) करकचून घासला. फेंडर तिथे होता म्हणून बोटीला ओरखडाही आला नाही, पण मला तो आवाज अजून ऐकू येतो.

चूक कुठे झाली ते संध्याकाळी दोघांनी बसून उलगडलं. स्टर्न ड्राइव्हला खरं सुकाणू नसतं. पाण्याला जो धक्का पंखा देतो तो वळवून बोट वळते. पंखा थांबला की वळवणारं काही उरत नाही. म्हणजे मी नेमक्या ज्या क्षणी ताबा हवा होता त्याच क्षणी तो सोडून दिला. आता माझी पद्धत अशी: आधी स्टिअरिंग हव्या त्या बाजूला फिरवायचं, मग एक-दीड सेकंद गिअर टाकायचा, लगेच न्यूट्रल. पुन्हा स्टिअरिंग, पुन्हा छोटा धक्का. वेग वाढत नाही आणि नाळ हाताशी राहते. दुसरं म्हणजे आमच्या पंख्याच्या फिरण्यामुळे रिव्हर्समध्ये मागची बाजू डावीकडे ओढली जाते. म्हणून निवडता आली तर मी आता डावीच भिंत घेते. नाळ भिंतीशी किंचित तिरकी आणायची, एक छोटा रिव्हर्स, आणि मागचा भाग आपोआप भिंतीला येऊन टेकतो. तुमचा पंखा उलट्या बाजूला फिरत असेल तर हे सगळं उलटं धरा. एकदा मोकळ्या पाण्यात एखाद्या बोयाशेजारी (बोया म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण) करून बघितलं की कळतं.

त्या दिवशी पुढे गेलोच नाही. नॅरोजच्या खालच्या धक्क्याला मी अकरा वेळा बोट लावली आणि सोडली. नवरा धक्क्यावर उभा राहून फक्त वाऱ्याची दिशा सांगत होता. “अगं, आता नाही, पुढचा झोत जाऊ दे” एवढंच. त्याने एकदाही स्टिअरिंग मागितलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दिवस ४: न्यूबरो

माथ्याचा दिवस. न्यूबरोचं लॉक विजेवर चालणाऱ्या मोजक्या लॉकपैकी आहे, बाकी जवळजवळ सगळीकडे अजून हाताने फिरवायचे दांडे आहेत. इथल्या खडकाने आणि हिवतापाने इतकी माणसं घेतली की ठेकेदारांनी हात टेकले आणि शेवटी लष्कराच्या सॅपर्सनी, म्हणजे खोदकाम करणाऱ्या सैनिकांनी, खोदाई पूर्ण केली. संपूर्ण कालव्याच्या बांधकामात सुमारे हजार माणसं गेली. तो अरुंद खोदलेला भाग पार करताना दोन्ही बाजूंचा कापलेला खडक दिसत राहतो. आम्ही दोघंही तिथे बोलत नाही, ठरवून नव्हे, तसंच होतं.

महत्त्वाची गोष्ट बोयांची. न्यूबरोपर्यंत आपण प्रवाहाच्या उलट चढत असतो, म्हणून लाल बोया उजव्या हाताला. न्यूबरो ओलांडलं की उतार सुरू, आणि तेव्हापासून लाल डावीकडे. मी स्टिअरिंगसमोर लाल चिकटपट्टीचा एक तुकडा लावला होता, लॉकमधून बाहेर पडताच तो उजवीकडून काढून डावीकडे चिकटवला. १५१३ नंबरचा नकाशा मांडीवर असतोच, पण इंडियन लेकच्या बेटांमध्ये वळताना नकाशाकडे बघायला सवड नसते. पट्टीकडे नुसती नजर गेली तरी पुरतं.

दिवस ५: चॅफीज, डेव्हिस, आणि जोन्स फॉल्स

ओपिनिकन तलावावर सकाळी धुकं होतं, दोन लून पक्षी बोटीच्या पुढे बुडी मारून मागे वर आले. डेव्हिस लॉक मला सगळ्यांत आवडतं. झाडीत एकटं आहे, आसपास वस्ती जवळजवळ नाही, आणि पाण्याचा आवाज तेवढा. तिथे थोडं थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण दुपारच्या आत जोन्स फॉल्स गाठायचं होतं.

जोन्स फॉल्सला चार लॉक आहेत. वरचं एक सुटं, मग एक छोटा डोह, मग एकाला एक जोडलेली तीन. शेजारी जॉन रेडपाथ यांनी बांधलेलं दगडी कमानीचं धरण, सुमारे ६० फूट उंच आणि ३५० फूट लांब, दगड उभे लावलेले. बांधलं तेव्हा उत्तर अमेरिकेतलं सगळ्यांत उंच धरण होतं ते.

उतारात लॉकचा एक नियम मी दोन वर्षं पाळलेला आहे: दोर बांधायचा नाही. भिंतीवर वरून खाली जाड तारा लावलेल्या असतात. दोर त्या तारेमागून फिरवून परत बोटीत घ्यायचा आणि टोक हातात धरायचं. पाणी उतरेल तसा दोर तारेवरून खाली घसरतो. इंजिन बंद केलं की मागचा दोर माझ्याकडे असतो, पुढचा नवऱ्याकडे. तिनांतल्या दुसऱ्या लॉकमध्ये एक फेंडर वर सरकला होता. तो नीट करायला हात मोकळा हवा म्हणून त्याने दोराला क्लीटवर (दोर अडकवायच्या बोटीवरच्या खुंटीवर) दोन फेरे दिले आणि वाकला.

मला आधी पायाखाली जाणवलं. मागची बाजू उतरत होती, पुढची नाही. मग दोर ताणल्याचा तो करकर आवाज. मी ओरडले, “दोर! दोर सोड!” आणि वर बघून लॉकवरच्या मुलीला हात केला. तिने क्षणात दांडा उलटा फिरवून झडप बंद केली. त्याने फेरे सोडायचा प्रयत्न केला, पण बोटीचं सगळं वजन त्यावर आलं होतं, फेरे एकमेकांत रुतले होते. शेवटी मी पुढे जाऊन चाकूने दोर कापला. नाळ धप्पकन पाच-सहा इंच खाली आली. कोणाला लागलं नाही, क्लीटही जागेवर राहिलं.

तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, “दोन वर्षं तू हे करत होतीस आणि मला वाटायचं सोपं काम आहे.” आम्ही त्या रात्री जोन्स फॉल्सलाच मुक्काम केला आणि मी त्याला दोर शिकवला, जसं त्याने मला नॅरोजला धक्क्याला बोट लावायला शिकवलं होतं. एक फेराही क्लीटवर नाही. ताण धरायचाच असेल तर दोर क्लीटच्या खालून एकदा काढायचा, टोक सतत हातात. फेंडर सरकला तर सरकू दे, भिंतीला बोट घासली तर पॉलिश करता येतं. आणि चाकू आता पुढच्या बाजूला, हाताला येईल असा टांगलेला आहे.

दिवस ६ आणि ७

व्हाइटफिश आणि क्रॅनबेरी तलाव. इथलं पाणी धरणामुळे पसरलेलं, खाली जुन्या झाडांची खोडं आहेत. बोयांच्या बाहेर जाऊ नका, पाणी कितीही मोकळं दिसलं तरी. अप्पर ब्रुअर्सची दोन आणि लोअर ब्रुअर्सचं एक लॉक सुरळीत झालं. नदीच्या वळणांत आणि लॉकजवळ ताशी १० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, काठाची झीज होऊ नये म्हणून ती पाळणं आपल्यावर आहे.

किंग्स्टन मिल्सला चार लॉक, पुन्हा एक सुटं आणि तीन जोडलेली, डोक्यावरून रेल्वेचा पूल. खाली उतरून आम्ही लगेच वळलो. आमचा रस्ता इथपर्यंतच होता.

दिवस ८ आणि ९: परत, चढावर

चढाचं लॉक वेगळंच असतं. पाणी पुढून आत येतं, बोट मागे-पुढे होते, आणि दोर सैल पडत जातो, तो सतत ओढून घ्यावा लागतो. किंग्स्टन मिल्सच्या तिसऱ्या लॉकमध्ये खळबळ चांगलीच होती. मी मागचा दोर ओढत होते, तो पुढचा. दोघांचेही हात एका लयीत चालत होते, कोणी काही बोललं नाही. दरवाजे उघडायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर काढणारा पंखा) चालू केला. पेट्रोलच्या बोटीत ही चार मिनिटं कधीही वाचवू नका, इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचते.

चौतिसांपैकी चौतीस लॉक स्टिअरिंगवर मी होते. भिंतीला लागलेली बोट: एकदा, नॅरोज. पुन्हा प्रयत्न करावा लागलेले धक्के: चार, त्यातले तीन वाऱ्यात. कापलेला दोर: एक. नवा दोर पंधरा मीटरचा घेतला आहे, आधीचा दहाचा तीन जोडलेल्या लॉकमध्ये तोकडाच पडत होता.

पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेकडे, ओटावाच्या सलग आठ लॉकपर्यंत. तिथे उतरायला दीड तास लागतो. उतरताना मी स्टिअरिंगवर, चढताना तो, असं सध्या ठरलंय. बो थ्रस्टर नसताना स्टर्न ड्राइव्हने ती आठ लॉक वाऱ्यात कोणी केली असतील तर कोणत्या भिंतीला लागलात ते नक्की सांगा.