कामोंदोंचं घर, पॅरिस

लूव्ह्र आणि ऑर्से ही मोठी संग्रहालयं पाहून झाल्यावरही पॅरिसमध्ये अर्धा दिवस हाताशी असेल, तर तो ६३, रू द मोंसो या पत्त्यासाठी ठेवा. मेट्रोच्या व्हिलिए स्थानकापासून चालत जाता येतं. पार्क मोंसोला पाठ लावून उभी असलेली ही हवेली म्हणजे म्युझे निसिम द कामोंदो हे संग्रहालय.

इस्तंबूलमध्ये जन्मलेले ज्यू बँकर मोईझ द कामोंदो यांना अठराव्या शतकातल्या फ्रेंच कलेचं वेड होतं. आईवडिलांचं घर पाडून १९११ ते १९१४ या काळात त्यांनी रने सेर्जां या वास्तुविशारदाकडून ही हवेली बांधून घेतली. नमुना व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारातल्या पेती त्रियानों या छोट्या महालाचा. गोळा केलेलं जुनं लाकडी नक्षीकाम बसावं, अशा बेतानेच दालनांची मापं ठरवली होती. त्यामुळे इथे वस्तू मांडून ठेवल्यासारख्या वाटत नाहीत, नांदत्या घरातल्या वाटतात.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती जेवणघराशेजारच्या छोट्या खोलीत. काचेच्या कपाटांत सेव्र इथल्या चिनी मातीची भांडी आहेत. प्रत्येक भांड्यावर वेगळा पक्षी, ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथातल्या चित्रांवरून रंगवलेला, आणि भांड्याच्या बुडाशी त्या पक्ष्याचं नाव. पिसांच्या कडा इतक्या बारीक की नाक काचेला टेकवून पाहावं लागतं. एकटे असले की मोईझ याच खोलीत जेवत.

तळमजल्यावरचं स्वयंपाकघर चुकवू नका. पांढऱ्या फरशांच्या भिंती, मधोमध ओतीव लोखंडाची अवाढव्य चूल आणि ओळीने लावलेली लखलखीत तांब्याची भांडी. वरची दालनं कितीही देखणी असली, तरी घर चालायचं ते इथून.

हे सगळं मुलाला मिळायचं होतं. निसिम पहिल्या महायुद्धात वैमानिक झाला आणि १९१७ मध्ये हवाई लढाईत मारला गेला. बँकेचा कारभार मोईझनी आवरता घेतला. घर आणि संग्रह मुलाच्या नावाने देशाला द्यायचं ठरवलं. अट एवढीच की मांडणी बदलायची नाही आणि वस्तू कुणाला उसन्या द्यायच्या नाहीत. १९३५ मध्ये ते गेले, पुढच्याच वर्षी संग्रहालय उघडलं.

आता प्रवेशद्वाराजवळची संगमरवरी पाटी वाचा. मोईझची मुलगी बेआत्रिस, जावई लेओं रेनाक आणि नातवंडं फानी व बेर्त्रां यांची नावं तिच्यावर आहेत. १९४३-४४ मध्ये चौघांनाही नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत धाडण्यात आलं. कुणीच परतलं नाही. ज्या देशासाठी भावाने प्राण दिले, ज्याला वडिलांनी राहतं घर दिलं, त्याच देशातून बहिणीला गाडीत कोंडून पाठवलं गेलं. ती पाटी वाचून मी पुन्हा वर गेले आणि निसिमचे फोटो नव्याने पाहिले. मला वाटतं, पाटी आधी वाचावी आणि मगच घर पाहावं.

या कुटुंबाशी जोडलेलं एक चित्र मात्र इथे नाही. मोईझची पत्नी इरेन आठ वर्षांची असताना, १८८० मध्ये, चित्रकार रन्वारने तिचं व्यक्तिचित्र काढलं होतं: पाठीवर मोकळे सोडलेले तांबूस केस, निळी रिबीन. नाझींनी ते लुटलं. युद्धानंतर ते इरेनला परत मिळालं आणि १९४९ मध्ये तिने ते एमिल ब्युर्ले या शस्त्रनिर्मात्याला विकलं. ते पाहायचं तर झुरिक गाठावं लागतं.