जिराफाची उंची

"सर्व मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची उंची व वजन युडायस प्लसवर आज सायंकाळपर्यंत भरावे. प्रलंबित शाळांची यादी सोबत." आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर हा निरोप पडला तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि यादीत आमची शाळा वरून तिसरी होती.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. पट एकसष्ट, शिक्षक दोन. युडायस म्हणजे शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल. २०२२-२३ पासून त्यात शाळेची एकत्रित संख्या चालत नाही, एकेका मुलाची माहिती भरावी लागते. त्यात इतर पन्नास गोष्टींबरोबर उंचीचा एक रकाना आहे आणि वजनाचा एक. ही गोष्ट २०२३च्या सप्टेंबरमधली. मॅडमनी पहिली-दुसरी सांभाळली, मी बाकीच्यांना ओळीत उभं करून काट्यावर चढवलं. वजनं झाली आणि चार वाजले. उंची मोजायला वेळच उरला नाही.

मग मी जे केलं ते सांगतो. मागच्या वर्षीची वही काढली आणि त्यातली उंची तशीच उतरवून टाकली. पोर्टलने काही विचारलं नाही. रात्री साडेआठला आमचं नाव यादीतून गेलं, ग्रुपवर अंगठाही आला. असं करणारा तालुक्यात मी एकटाच नसणार, पण बाकीच्यांचं त्यांनी सांगावं.

जानेवारीत आरबीएसकेच्या पथकाचा फोन आला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी. २०१३च्या फेब्रुवारीत याची देशातली सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. अंगणवाडीला वर्षातून दोनदा येतात, शाळेला एकदा. "गुरुजी, यादी तयार ठेवा. वर्ग, जन्मतारीख, आणि जमलं तर उंची-वजनसुद्धा," असं सांगितल्यावर या खेपेला मात्र मी नीट मोजायचं ठरवलं.

काट्यावर माझा भरवसा नव्हता. बाथरूममध्ये असतो तसला, काचेचा, कधीचा कोपऱ्यात पडलेला. किराणा दुकानातून दहा किलोची दोन लोखंडी वजनं उसनी आणून त्यावर ठेवली. काटा बरोबर वीसवर. म्हटलं, चला, आता अडचण नाही. उंचीसाठी व्हरांड्यात भिंतीवर जिराफ आहेच. बोलक्या भिंतींच्या वेळी पेंटरने काढलेला, मानेवर सेंटिमीटरच्या रेघा. मुलांना तो फार आवडतो. मधल्या सुट्टीत रोज कोणी ना कोणी त्याला पाठ लावून उभं असतं.

पथक आलं त्या दिवशी एकसष्टपैकी सतरा मुलं शाळेत नव्हती. दिवाळीनंतर आमच्याकडे निम्मं गाव कोयत्यावर जातं. ज्यांना हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे ठेवता येत नाही, ती पोरं आईबापांबरोबर उसाच्या फडात. तपासणीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लागतं. ज्यांच्या खाण्यापिण्याची सगळ्यात जास्त काळजी वाटावी तीच सतरा नावं.

उरलेल्यांची तपासणी सुरू झाली. डॉक्टर मॅडम माझ्या यादीशी आपले आकडे ताडून बघत होत्या. चौथीतल्या एका मुलीपाशी त्या थांबल्या. नाव सांगत नाही, वय दहा. "गुरुजी, मागच्या जानेवारीला आमच्या कार्डावर हिची उंची १२६ आहे. तुम्ही १३५ लिहिलीय. वर्षात नऊ सेंटिमीटर? काय खाऊ घालता हो?"

मी जिराफाकडे बोट दाखवलं. त्यांनी मुलीला आपल्या उंचीमापकापाशी उभं केलं. टाचा मागे टेकवल्या, वेणी बाजूला केली, हनुवटी सरळ धरली. १३१. मग दुसरा मुलगा. त्याचेही चार सेंटिमीटर कमी. तिसऱ्याचेही चारच. औषधनिर्माते खाली वाकले आणि हसले. "अहो, ही फरशी नंतर बसवलीय का?"

होय, नंतरच. जिराफ रंगवला तेव्हा खाली जुना कोबा होता. पुढे ग्रामपंचायतीच्या पैशातून फरशी बसली. जिराफाचे खूर आणि शून्याची रेघ त्या फरशीखाली गेली. चार सेंटिमीटर जमिनीत गाडलेला जिराफ दोन वर्षं आमच्या मुलांना त्यांची उंची सांगत होता. काटा तपासायला मी दुकानापर्यंत गेलो, भिंत तपासायचं डोक्यातच आलं नाही.

त्या संध्याकाळी मी कागदावर हिशोब मांडला. मुलीचं वजन २३ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. पोर्टलवर भरलेली जुनी उंची १२६ धरली तर १४.५. जिराफाची १३५ धरली तर १२.६. खरी १३१ धरली तर १३.४. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलीसाठी कृशपणाची रेघ साधारण साडेतेरावर आहे, आणि बाराच्या पुढे थोडं गेलं की तिथे अतिकृशपणाची. म्हणजे पोर्टलवर मुलगी ठीक, जिराफापाशी अतिकृशच्या उंबरठ्यावर आणि प्रत्यक्षात कृश. वजन कुठेच चुकलेलं नव्हतं. उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली चूक दुप्पट होऊन बाहेर पडते. आणि जुनी उंची नव्या वजनाला जोडली की प्रत्येक मूल आहे त्याहून गुटगुटीत दिसतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. सप्टेंबरच्या त्या रात्री मी एका फटक्यात शाळेचं पोषण सुधारून टाकलं होतं.

आणखी एक गोष्ट त्याच कागदावर दिसली. सप्टेंबरमध्ये २३ आणि जानेवारीतही २३. चार महिन्यांत काही नाही.

तपासणीच्या वेळीच डॉक्टर मॅडमनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तळहात बघितले आणि संदर्भ चिठ्ठी लिहिली: ग्रामीण रुग्णालय, हिमोग्लोबिन. आईबाप फडात, घरी आजी. मी चिठ्ठी घेऊन गेलो तर आजी म्हणाल्या, "आमच्यात समदेच वाळके, गुरुजी. तिचा बाप बी असाच व्हता."

"आजी, एकदा रक्त तर तपासू."

"आन माझा रोज?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, हे मी त्यांना मोठ्या उत्साहात सांगितलं. पण बुडालेला रोज कुठल्या केसपेपरवर लिहिणार? शेवटी त्या तयार झाल्या. पहिल्या दिवशी गेलो तर रक्त घेणारे शिबिराला गेलेले. दुसऱ्या खेपेला आजी चिठ्ठी घरी विसरल्या, पण माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता आणि तो चालला. हिमोग्लोबिन ८.६. या वयाला साडेअकरा तरी हवं. औषध मिळालं, जंताची गोळी मिळाली, महिन्याने परत बोलावलं.

सिस्टरनी मुलीला विचारलं, "शाळेत गुलाबी गोळी देतात ना दर आठवड्याला? खातेस का?" ती माझ्याकडे बघून गप्प. परत येताना एसटीत तिने सांगितलं, गोळी खाल्ली की पोटात ढवळतं, म्हणून ती लिंबाच्या बुंध्यात टाकते. ती एकटी नव्हती, चौघी होत्या. आम्ही गोळी सकाळी परिपाठानंतर देत होतो, कारण रजिस्टर लवकर उरकतं. उपाशी पोटी लोहाची गोळी! दुसऱ्याच सोमवारपासून ती खिचडीनंतर, आमच्या समोर, पाण्याबरोबर. या सगळ्या मोजमापातून शाळेत जर काही बदललं असेल तर ते एवढंच.

कारण बाकी काही बदलायला वाव नाही. पहिली ते पाचवीला डोई शंभर ग्रॅम तांदूळ. मूल २३ किलोचं असो की ४०चं, शंभरच. पथकाच्या अहवालात किती तपासले, किती संदर्भित केले, हे आकडे वर जातात. युडायसमधल्या उंची-वजनाचं उत्तर आजवर माझ्या शाळेकडे परत आलेलं नाही. आकडे नकोत असं मात्र मी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची मुलं मोजली जातात आणि मग एकदम पंधराच्या पुढची माणसं. मधली आमची पोरं त्यात नाहीतच. २०१६ ते १८ मध्ये जे राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं, त्यात ती पहिल्यांदा नीट मोजली गेली, आणि पाच ते नऊ वयातली जवळपास चौथा हिस्सा मुलं कृश निघाली. ती मापं शिकवून तयार केलेल्या माणसांनी घेतली होती. आमची मी घेतो, सव्वादोन ते चार.

आणखी एक टोचलेली गोष्ट. फेब्रुवारीत ग्रुपवर कोणीतरी 'नमुना म्हणून' एका शाळेचं पानच टाकलं: मुलांची नावं, वजनं, हिमोग्लोबिन, सगळं. दोनशे लोकांचा ग्रुप. मी खासगीत कळवल्यावर अर्ध्या तासाने ते काढलं. तोवर किती जणांनी उतरवून घेतलं असेल, देव जाणे.

पोर्टलवरची उंची दुरुस्त करायला मी गट साधन केंद्रात गेलो. आमच्या शाळेची माहिती प्रमाणित होऊन लॉक झालेली होती. समोरचे गृहस्थ भले होते, चहा पाजला. म्हणाले, "गुरुजी, नाव चुकलं, आधार चुकलं तर लोक येतात. उंचीसाठी अनलॉक मागणारे तुम्ही पहिलेच." ते झालं नाही. २०२३-२४च्या नोंदीत ती मुलगी १२६ सेंटिमीटरचीच आहे.

एप्रिलमध्ये कोयते परतले. त्या सतरा जणांची मापं मी पथकाच्या पद्धतीने घेतली, टाचा टेकवून, वेणी बाजूला करून, आणि कागदावर लिहून पथकाला पोहोचवली. मुलीच्या आईने औषधाची बाटली हातात फिरवून बघितली आणि दुसरी कुठे मिळेल तेवढं विचारलं. जूनमध्ये मुलीचं वजन साडेपंचवीस भरलं, उंची १३३.

जूनमध्येच पेंटरला बोलावून जिराफाच्या रेघा खरवडल्या आणि फरशीपासून शून्य धरून नव्या ओढून घेतल्या. खूर जमिनीतच राहिले, त्याला इलाज नव्हता. रंग वाळल्यावर सगळे धावले. तिसरीतला एक जण पाठ लावून उभा राहिला, वळून रेघ बघितली, पुन्हा उभा राहिला आणि रडवेला होऊन माझ्याकडे आला, "गुरुजी, सुट्टीत मी बारका झालो."