दारावरचे तिसरे आडनाव

जर्मनीत इमारतींना क्रमांक असतात, पण आतल्या फ्लॅटना सहसा नसतात. टपालवाला पत्रपेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो आणि पाहुणा घंटेच्या पाटीवर आडनाव शोधून कळ दाबतो. ज्याचे नाव दारावर नाही, त्याचे विम्याचे कार्ड किंवा बँकेचे पत्र आले तसे परत जाते. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात मी लाइपझिगमध्ये राहायला गेले त्या दिवशी, माझ्या बॅगा तिसऱ्या मजल्यावर पोहोचण्याआधीच, माझे पाच अक्षरी मराठी आडनाव खालच्या पाटीवर चढलेले होते. ते लिहिले होते लीड्सहून आलेल्या चोवीस वर्षांच्या एका इंग्रज मुलाने, आदल्या रात्री फोनवर माझ्याकडून एकेक अक्षर दोनदा विचारून घेऊन. परक्या देशात घर मिळवणे आणि त्या घरातली होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मला ज्याच्या सोबतीने जमली तो स्वतःही तिथे माझ्याइतकाच नवखा होता. त्याविषयी हे लिहीत आहे.

खोलीचा शोध मी साताऱ्यातूनच जुलैमध्ये सुरू केला होता. व्हिसासाठी लागणाऱ्या गोठवलेल्या खात्यात तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाचे ११,२०८ युरो भरले होते, म्हणजे दरमहा ९३४ युरो हातात येणार होते, आणि त्यात भाडे, आरोग्य विमा आणि जेवण भागवायचे असल्याने स्वतंत्र घर घेण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी तिथले विद्यार्थी ‘वे-गे’मध्ये राहतात. वोनगेमाइनशाफ्ट या लांबलचक शब्दाचे ते लघुरूप आहे : प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. जाहिराती वाचताना ‘त्स्वेक-वेगे नको’ असे शब्द वारंवार दिसत. त्स्वेक म्हणजे हेतू. केवळ भाडे वाटून घेण्यासाठी एकत्र राहणाऱ्या आणि एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणाऱ्या बिऱ्हाडाला हे नाव आहे. आम्हाला तसे नको, आम्हाला एकत्र जेवायचे आहे, असे त्या जाहिराती सांगत होत्या, आणि ते वाचून मला माझ्या आजीची गिरगावातली चाळ आठवत होती.

पहिल्या वीस जाहिरातींना मी एकच मजकूर पाठवला आणि एकाचेही उत्तर आले नाही. त्यानंतर प्रत्येक जाहिरात नीट वाचून, त्यातल्या माणसांनी स्वतःविषयी जे लिहिले होते त्याला धरून वेगळे पत्र लिहू लागले, तेव्हा उत्तरे यायला लागली. याच काळात एका ‘घरमालका’ने, आपण परदेशात आहोत, अनामत रक्कम पाठवा म्हणजे किल्ली कुरिअरने पाठवतो, असे कळवले. ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. घर पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, आणि कायद्याने ही अनामत मूळ भाड्याच्या तीनपटीहून अधिक असू शकत नाही, हे जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

अखेरीस ऑगस्टमध्ये एका घराने मला व्हिडिओ कॉलवर बोलावले. या मुलाखतीला तिथे कास्टिंगच म्हणतात. मुख्य भाडेकरू होती केमनित्सची, परिचारिकेचे प्रशिक्षण घेणारी एक मुलगी, आणि दुसरा हा इंग्रज मुलगा, जो एका भाषावर्गात इंग्रजी शिकवत होता. तिने भांडी किती वेळात घासतेस, रात्री किती वाजता झोपतेस, पाहुणे किती येतील असे नेमके प्रश्न विचारले. त्याने एकच विचारला : चहात दूध आधी घालतेस की नंतर? मी सांगितले की आमच्याकडे दूध, पाणी, साखर, आले आणि पत्ती हे सगळे एकाच पातेल्यात उकळतात. तो क्षणभर गप्प झाला आणि मग केमनित्सच्या मुलीकडे वळून म्हणाला की या घरात दुधाचा चहा पिणारे आता दोघे असतील. दुसऱ्या दिवशी होकार आला.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याचे सहीनिशी प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय पुढची कामे अडतात. माझ्या कागदांची फाइल त्या इंग्रज मुलानेच लावून दिली, कारण तो नुकताच त्यातून गेला होता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्याआधी त्याची मोठी बहीण केवळ पासपोर्ट घेऊन स्पेनला गेली होती आणि तिथे तीन वर्षे राहिली होती. त्याला मात्र, व्हिसाशिवाय देशात येता आले तरी, राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना अर्ज करूनच घ्यावा लागला. इंग्रज माणसाला असल्या रांगेत उभे राहावे लागत असेल हे माझ्या मनातही आले नव्हते. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याची निळी आणि माझी हिरवी फाइल शेजारी शेजारी असत, आणि एकाला पत्र आले की दोघे मिळून शब्दकोश उघडत असू, कारण सरकारी जर्मन आम्हा दोघांनाही सारखीच अवघड होती.

बोलीभाषेने तर आम्हाला एकाच जागी अडकवले. लाइपझिग ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीत ‘होय’ला ‘नू’ म्हणतात. पुस्तकातली जर्मन शिकून आलेल्या इंग्रजाला त्यात ‘नो’ ऐकू येतो आणि मराठी माणसाला ‘ना’. कोपऱ्यावरच्या बेकरीत कालचे पाव स्वस्तात आहेत का असे तो दोन आठवडे विचारत होता आणि बाई ‘नू’ म्हणाल्या की आभार मानून रिकाम्या हाताने परत येत होता. मीही तेच केले. केमनित्सच्या मुलीला हे कळले तेव्हा ती आम्हा दोघांना घेऊन त्या बेकरीत गेली, आणि बाईंनी दोन पाव फुकट दिले.

घराचे नियम मला जड गेले नाहीत, कारण ते लिहिलेले होते. कागद निळ्या डब्यात, वेष्टने पिवळ्यात, भाजीची देठे तपकिरी डब्यात. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या, आणि रविवारी त्या टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा खळखळाट शेजाऱ्यांच्या शांततेचा भंग करतो. फ्रिजवर पुट्झप्लान म्हणजे साफसफाईचे वेळापत्रक होते. इमारतीचा जिना दर आठवड्याला एका बिऱ्हाडाने झाडून पुसायचा असे. पाळी आली की ‘हाउसऑर्डनुंग’ म्हणजे घराचे नियम असे लिहिलेली लाकडी पाटी दाराच्या मुठीला लटकलेली दिसे, आणि काम झाल्यावर ती पुढच्या दाराला लावायची. चाळीतल्या गॅलरीच्या पाळ्या आजी ज्या चोखपणे पाळत असे, त्याच चोखपणे तिथल्या सत्तरीच्या आजी ती पाटी पुढे सरकवत. भांडण झाले ते एकदाच, चहाच्या पिशव्यांवरून. तो वापरलेल्या पिशव्या सिंकच्या काठावर ठेवत असे आणि मला त्याचा त्रास होत होता. मी तीन आठवडे बोलले नाही आणि मग एकदम रागाने बोलले. त्याने माफी मागितली, पण पुढे असेही म्हणाला की पहिल्याच दिवशी सांगितले असतेस तर मला जास्त आवडले असते. ते त्याचे म्हणणे बरोबर होते.

रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे रविवारचे जेवण शनिवारीच ठरवावे लागते. त्याच्या घरी रविवारी दुपारी यॉर्कशायर पुडिंग होत असे. पुडिंग म्हणजे गोड असणार अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते अंडी, मैदा आणि दूध यांच्या पातळ पिठाचे, खारे असते, आणि रश्शाबरोबर खातात. त्याचे सारे मर्म तापमानात आहे : साच्यातले तेल धूर येईपर्यंत तापवायचे, मग गार पीठ त्यात झटकन ओतायचे आणि ओव्हनचे दार अजिबात उघडायचे नाही, म्हणजे ते टम्म फुगते. कडकडीत तेलाचे महत्त्व मला समजावून सांगण्याची गरजच नव्हती. त्याच ओट्यावर मी आमटीची फोडणी करत होते, त्याचे तेल आणि माझी मोहरी एकाच क्षणी तापली, आणि बाहेरच्या बोळातला धुराचा अलार्म किंचाळू लागला. केमनित्सच्या मुलीने खिडक्या उघडल्या, त्याने खुर्चीवर चढून अलार्मला टॉवेलने वारा घातला, आणि मी पुडिंगचे दार कोणी उघडू नये म्हणून ओव्हनसमोर उभी राहिले. पुडिंग फुगले. आम्ही ते आमटीबरोबर खाल्ले, आणि पुढे वर्षभर तेच आमचे रविवारचे जेवण झाले.

त्या वर्षी भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला आली, आणि मंगळवारी ५ तारखेला इंग्लंडमधला गाय फॉक्सचा दिवस होता. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून त्या रात्री तिकडे होळ्या पेटवतात आणि फटाके उडवतात. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आतषबाजीवाचून चुकचुकणारे आम्ही दोघे होतो. जर्मनीत मोठे फटाके वर्षअखेरीच्या मोजक्या दिवसांतच विकतात, पण फुलबाज्यांना ती बंदी नाही; नाताळच्या झाडासाठी त्या मिळतात. शनिवारी त्याने त्यांचे सहा डबे आणले. रविवारी संध्याकाळी मी दुमडलेल्या सतरंजीवर त्याला बसवले, कुंकू लावले, अक्षता टाकल्या आणि निरांजनाने ओवाळले. अलार्म पुन्हा वाजू नये म्हणून दार लावून घेऊन हे केले. ओवाळणी द्यायची असते हे त्याने आधीच विचारून ठेवले होते. ताटात त्याने यॉर्कशायर चहाचे खोके ठेवले, घरून आलेले शेवटचे. मोठ्या बहिणीला काय म्हणतात तेही विचारले, आणि तेव्हापासून, मी त्याच्याहून एका वर्षानेच मोठी असले तरी, तो मला ताई म्हणतो. नंतर खालच्या अंगणात त्याच्या भाषावर्गातले मित्र, माझ्या वर्गातल्या दोघी आणि जिन्याच्या पाटीवाल्या आजी, असे सगळ्यांनी आईने पाठवलेल्या चकल्या खात फुलबाज्या संपवल्या.

हिवाळा लवकर काळोख करणारा होता आणि त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. जानेवारीत केमनित्स युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून २०२५ साठी मिरवू लागले, तेव्हा आमची मैत्रीण आम्हाला तिच्या गावी घेऊन गेली आणि कार्ल मार्क्सच्या शिराच्या त्या प्रचंड पुतळ्यापुढे उभे करून, तिची आई जन्मली तेव्हा या गावाचे नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होते, हे अभिमान किंवा खेद न दाखवता सांगून मोकळी झाली. वसंतात नदीकाठच्या जंगलात रानलसणाचा वास सुटला आणि संध्याकाळी सगळे शहर क्लारा-त्सेटकिन उद्यानातल्या साक्सनब्र्युके या पुलावर येऊन जमिनीवर बसू लागले. तिथे कोणी गिटार वाजवते, कोणी पत्ते खेळते. रिकाम्या बाटल्या कचऱ्यात न टाकता शेजारी उभ्या ठेवायच्या, म्हणजे त्या गोळा करून परत देणाऱ्याला बिअरच्या प्रत्येक बाटलीमागे अनामतीचे ८ सेंट मिळतात, ही रीत मला मनापासून आवडली.

जूनच्या २० तारखेला हेडिंग्लीवर इंग्लंड-भारत कसोटी सुरू झाली. हेडिंग्ली म्हणजे लीड्स, म्हणजे त्याच्या घरापासून चालत जाण्याचे अंतर. १९५२ मध्ये तिथे भारताची धावसंख्या शून्यावर चार बाद झाली होती हे त्याला वडिलांनी सांगितले होते; त्या चौघांपैकी गायकवाड, मंत्री आणि मांजरेकर ही तीन आडनावे मराठी आहेत हे मी त्याला सांगितले. त्याच मैदानावर १९८६ मध्ये वेंगसरकर यांनी नाबाद १०२ केल्या आणि भारत जिंकला, २००२ मध्ये सचिनने १९३ केल्या, हेही सांगितले. पैज अशी लागली की ज्याचा देश हरेल त्याने जिन्याची पाळी घ्यायची. पाच दिवस, दुपारी बारापासून, टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी चहाचे पातेले होते. केमनित्सच्या मुलीने रात्रपाळीहून येऊन झोपण्याऐवजी पायचीतचा नियम समजून घेतला. भारताने सामन्यात पाच शतके काढली, त्यांतली दोन पंतची, आणि तरीही मंगळवारी इंग्लंडने ३७१ धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. विजयी फटका बसला तेव्हा तो ओरडला नाही. त्याने माझ्या कपात चहा ओतला.

बुधवारी सकाळी मी झाडू घेऊन बाहेर आले, तर तो आधीच वरच्या पायरीवर बादली घेऊन उभा होता. ताई, तू झाड, मी पुसतो, असे म्हणाला. तळमजल्यापर्यंत आम्ही ऋषभ पंतविषयी बोलत राहिलो, आणि मग वर येऊन आजींच्या दाराला पाटी लावली.