तुम्ही विचारलंत म्हणून: ३२ दात कोणाचे?

“बाई, शरीराच्या धड्यातले आकडे सगळे पाठ करून घेऊ ना?” पालकसभा उठल्यावर हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आता एकदा लिहूनच टाकते. आकडे म्हणजे हाडं २०६, दात ३२, नाडीचे ठोके ७२, रक्त ५ लिटर. पोरगं चौथीत आहे, पुढे सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवायचंय, मग आत्तापासून पाया पक्का नको का, असा सगळा हिशोब त्यामागे असतो.

करून घ्या पाठ, माझी हरकत नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की यातला एकही आकडा तुमच्या मुलाचा नाही. ही मापं तुमची आहेत, मोठ्या माणसाची. नऊ वर्षांच्या पोराच्या अंगात यातलं सहसा काहीच तेवढं नसतं, आणि मला विचाराल तर शरीराचा धडा तिथूनच सुरू व्हायला हवा.

वर्गात मी दातांपासून सुरुवात करते. हात धुवायचे, आरसा घ्यायचा, जीभ फिरवत मोजायचं. कोणाचे २४ भरतात, कोणाचे २३, कोणाचे २१, कारण एकदोन नुकतेच पडलेले असतात. ३२ कोणाचेच भरत नाहीत. मग पुस्तकातला तक्ता काढायचा: पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८, दाढा १२. आता उपदाढा शोधा म्हटलं, की वर्गभर जिभा वळवळतात, पण उपदाढ बहुतेकांना सापडत नाही. सापडणार कशी? दुधाच्या दातांत उपदाढा नसतातच. दुधाचे दात एकूण २०. त्यातल्या दाढा पडतात तेव्हा त्यांच्या जागी उपदाढा येतात, साधारण दहाव्या वर्षापासून पुढे. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत २८ होतात आणि अक्कलदाढा सतराच्या पुढे कधीतरी. काहींना त्या येतही नाहीत. म्हणजे ज्या ३२ साठी पोराला मार्क मिळतात, ते त्याच्या आईच्या तोंडातही असतीलच असं नाही.

इथे थोडं थांबते, कारण या एका गोष्टीपायी मुलांचं नुकसान होताना मी पाहिलंय. सहाव्या वर्षाच्या सुमाराला मुलाला चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कुठलाच दात पडत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे त्या गुपचूप उगवतात. दात पडला की घरात केवढा बोभाटा होतो, (पूर्वी तो उंदीरमामाच्या नावाने कौलावर फेकायचे. आता विसाव्या मजल्यावरच्या पोराने कुठे फेकावा?) पण या दाढांची वार्ता कोणालाच नसते. त्यांना कीड लागलेली दिसली तर घरचे म्हणतात, दुधाची दाढ आहे, पडेल. ती पडायची नसते. ती पहिली कायमची दाढ, तीच सत्तरीपर्यंत चावायला पुरवायची आहे. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात बिस्किटाचा लगदा अडकून बसतो आणि ब्रश तिथवर पोचत नाही. आज रात्री मुलाला आ करायला लावा आणि टॉर्च मारून सगळ्यात मागे बघा. धड्यातलं एवढं एकच केलंत तरी चालेल. आणि दुधाच्या दाढाही किडू देऊ नका. खालून येणाऱ्या दाताची जागा त्या राखून असतात.

हाडांचंही तेच. जन्मलेल्या बाळाच्या अंगात सुमारे ३०० हाडं असतात, बरीचशी अजून कूर्चेच्या रूपात. पुढे ती एकमेकांना जुळत जातात आणि २०६ उरतात. हे काम पंचविशीच्या आसपास पुरं होतं. तुम्ही बाळाची टाळू तेलाने भरली असेल. ती मऊ लागते, कारण कवटीची हाडं तिथे अजून मिळालेली नसतात. साधारण दीड वर्षाच्या सुमाराला ती बुजते. घरात तान्हं भावंडं असलेल्या मुलांना हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. मनगटात ८ छोटी हाडं असतात, त्यातलं वाटाण्याएवढं शेवटचं हाड एक्स-रेमध्ये बहुतेक मुलांत आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसायला लागतं. म्हणूनच मुलाची वाढ वयाप्रमाणे होतेय का हे बघायला डॉक्टर हाताचा एक्स-रे काढतात. २०६ हा आकडा लक्षात ठेवायचाच असेल तर असा ठेवा: एका हाताच्या पंजात २७, एका पावलात २६, दोन्ही बाजूंची मिळून १०६. अर्ध्याहून जास्त हाडं हातापायांच्या टोकांनाच!

आणखी एक खेळ, त्यासाठी आजोबा हवेत. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या पिढीतल्या कित्येकांना पहिलीत घेताना गुरुजींनी जन्मदाखला मागितलाच नव्हता. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला तर नाव दाखल आणि जन्मतारीख १ जून. (आमच्या सोसायटीत १ जूनला वाढदिवस असलेले आजोबा एक शोधायला गेलात तर चार सापडतील.) यात शास्त्र आहे बरं का. जन्मतः डोकं अंगाच्या लांबीच्या पाव हिस्सा असतं, मोठ्या माणसात ते जेमतेम आठवा हिस्सा. मेंदू भराभर वाढतो, सहाव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचतो, आणि हातपाय मागून येतात. म्हणून तीन वर्षांच्या मुलाचा हात टाळूपर्यंतच जातो आणि सहा-सात वर्षांच्याचा कानाला लागतो. घरात लहानमोठी भावंडं असतील तर ओळीने उभी करून बघा.

ठोके मोजायला मात्र धीर लागतो. अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, त्याची स्वतःची नाडी लागते. अर्ध्या मुलांना ती सापडत नाही आणि ती हिरमुसतात. त्यांना मी ड्रॉइंगच्या कागदाची गुंडाळी करून देते: एक तोंड मित्राच्या छातीला, दुसरं आपल्या कानाला. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने हेच केलं होतं. स्टेथोस्कोप निघाला तो त्या गुंडाळीतून. नऊ वर्षांचं मूल शांत बसलेलं असताना मिनिटाला ७० ते ११० ठोके पडू शकतात, तान्ह्या बाळाचे तर सव्वाशेच्याही पुढे. हृदय ज्याच्या त्याच्या मुठीएवढं. मूठ लहान, तर एका ठोक्याला जाणारं रक्तही थोडं, मग ठोके जास्त पाडावे लागतात. हे वाक्य मुलांना समजतं. ‘७२’ मध्ये समजण्यासारखं काही नाही. करी रोडच्या पुलाचा जिना चढून आल्यावर पुन्हा मोजायला सांगा, आपलेही मोजा, आणि कोणाचे लवकर खाली येतात ते बघा. बहुतेक वेळा तुम्ही हराल.

रक्ताचं एका ओळीत सांगते: २५ किलोच्या मुलात ते ५ लिटर नसतं, पावणेदोन-दोन लिटर असतं.

एक गोष्ट मात्र कृपा करून पाठ करून घेऊ नका, ती म्हणजे जिभेचा नकाशा. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असं चित्र जुन्या पुस्तकांत असायचं, अजूनही काही गाइडांत असतं. ते खरं नाही. चव कळणाऱ्या कळ्या असतात तिथे सगळ्याच चवी कळतात. साखर, मीठ, लिंबू आणि कापूस घेऊन मुलांनी स्वतःच बघावं.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते. मुलीच्या शरीरात वयात येण्याचे बदल आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होऊ शकतात, मुलग्यांत नऊ ते चौदा. म्हणजे चौथीच्या वर्गातल्या काही जणींचं ते सुरू झालेलं असतं. “इतक्यात कशाला, बाई?” असं म्हणणाऱ्या आईची मुलगी त्यातलीच असू शकते. पाळीबद्दल पाळी येण्याआधी सांगायचं असतं. मुलग्यांनाही सांगायचं. आणि सगळ्या अवयवांना नाक-कानांसारखी सरळ नावं घ्यायची. नाव माहीत नसलेल्या जागी दुखलं, किंवा कोणी नको तिथे हात लावला, तर मूल सांगणार कसं?

शेवटी औषधाचं बोलते, कारण मोठ्यांच्या मापाचा घोळ सगळ्यात महाग तिथे पडतो. पावसाळ्यात इथे घरोघरी ताप असतो आणि मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा मुलाला देऊन दप्तर पाठीला लावतात. मुलाचा डोस वजनावर ठरतो, ‘अर्धा माणूस’ म्हणून नाही. शिवाय काही औषधं मोठ्यांना चालतात पण मुलांना अजिबात चालत नाहीत. ॲस्पिरिन त्यातलंच. व्हायरल तापात ते दिल्यास क्वचित का होईना मुलांच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, आणि ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टर आधी मुलाला काट्यावर उभं करतात ते त्या वजनासाठीच. दवाखान्यात गेल्यावर ते वजन मुलालाच वाचू द्या आणि तारखेसह वहीत लिहू द्या. त्याच्या शरीराचा तो आकडा पाठ असला तर खरंच उपयोगी पडतो, फक्त तो दर काही महिन्यांनी नव्याने पाठ करावा लागतो.